कॉफीची नाइट ड्यूटी



आधी एक खुलासा. व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर विषय 'कॉफी' असा छापला आहे आणि शेजारी वाफाळत्या कपाचं सुरेख चित्र आहे. मघाशी दारातच एका गृहस्थांनी विचारलं, "फिल्टर कॉफीवर बोलणार का?" त्यांना उठून जायचं असेल तर मला वाईट वाटणार नाही. ही कॉफी म्हणजे एक नर्स आहे. आडनाव कॉफिन, म्हणजे शवपेटी. त्याचं लाडाकोडात झालं कॉफी. पाळण्यातलं नाव मात्र फ्लॉवर चाइल्ड. फुलाचं नाव आणि शवपेटीचं आडनाव घेऊन जगणारी ही बाई १९७३ साली अमेरिकेतल्या पडद्यावर आली. लेखक-दिग्दर्शक जॅक हिल, नायिका पॅम ग्रियर. सिनेमा दीड तासाचा, रक्तबंबाळ, जागोजागी उघडावाघडा. सभ्य माणसांच्या आवडत्या सिनेमांच्या यादीत तो सहसा सापडत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनाही तो आवडला नसता. आमच्या गावात सर फिल्म सोसायटी चालवायचे. पत्र्याच्या डब्यातून रिळं यायची, सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर मधेच रुसायचा आणि सिनेमा संपला की आम्ही घरी पळण्याच्या आत सर दारात उभे राहायचे. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "हा माणूस पोट कशावर भरतो?" बर्गमन असो की राय, प्रश्न हाच. हिंदी सिनेमातल्या नायकांनी या बाबतीत त्यांना फार छळलं. सरांचं म्हणणं असं, की माणूस सकाळी उठून कामावर कुठे जातो हे ज्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही, त्याने त्या माणसाच्या प्रेमाबद्दल आणि मरणाबद्दल बोलू नये. आज मी सरांचाच प्रश्न घेऊन त्यांना न आवडणाऱ्या सिनेमाकडे जाणार आहे. हा आगाऊपणा त्यांनी खपवून घेतला असता, असं वाटतं.

'कॉफी' आला तो काळ्या नायक-नायिकांच्या सिनेमांच्या लाटेतून. आता ही लाट आली कशी ते थोडक्यात. १९७१च्या मार्चअखेर मेल्विन व्हॅन पीबल्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडअॅस साँग' लागला. कुठे लागला? अख्ख्या अमेरिकेत फक्त दोन थिएटरांत, एक डेट्रॉइटचं आणि दुसरं अटलांटाचं. पैसे स्वतःचे आणि उसनवारीचे. पन्नास हजार डॉलर बिल कॉस्बीने दिले होते. गोऱ्या पोलिसांना बडवून पळालेला काळा माणूस शेवटपर्यंत हाती लागत नाही, एवढीच गोष्ट. काळा माणूस सिनेमाच्या शेवटाला जिवंत आणि मोकळा, हे लोकांनी पाहिलं नव्हतं. रांगा लागल्या. ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्यूई न्यूटनने आपल्या पक्षाच्या वृत्तपत्राचा अंकच्या अंक या सिनेमाला वाहिला. उलट 'एबनी' मासिकात लरोन बेनेट यांनी त्याची सालटी काढली. त्याच वर्षी गॉर्डन पार्क्स यांचा 'शाफ्ट' आला, त्याच्या गाण्याला आयझॅक हेजना ऑस्कर मिळालं, आणि पुढच्या वर्षी 'सुपर फ्लाय'. हॉलिवुडचे मोठे स्टुडिओ तेव्हा तोट्यात होते. गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत राहायला गेली होती आणि शहरांच्या मध्यभागी हजार-दोन हजार खुर्च्यांची थिएटरं रिकामी पडली होती. त्यांच्या आसपास जो प्रेक्षक उरला होता तो काळा होता. हॉलिवुडला हा शोध तिकीटखिडकीवर लागला.

१९७२मध्ये ज्युनियस ग्रिफिन यांनी या सिनेमांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हटलं. हे नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या जुन्या संघटनेच्या हॉलिवुड शाखेचे प्रमुख. ब्लॅक आणि एक्स्प्लॉयटेशन, काळे आणि पिळवणूक, हे दोन शब्द एकात कोंबून केलेली ती शिवी होती. पुढे तिचंच प्रकाराचं नाव झालं आणि मग तर पोस्टर जमवणाऱ्यांच्या तोंडी ते कौतुकाने येऊ लागलं. शिव्यांचं असं होतं कधी कधी.

'कॉफी'च्या जन्माची कथा तर निव्वळ धंद्यातल्या खुन्नसची. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी स्वस्तातले, उघड्यावरच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत चालतील असे सिनेमे काढायची. काळ्या नायिकेचा 'क्लिओपात्रा जोन्स' त्यांना करायचा होता. तो वॉर्नर ब्रदर्सकडे गेला. कंपनीच्या लॅरी गॉर्डनला ते झोंबलं. त्याने जॅक हिलला सांगितलं, काळ्या बाईची सूडकथा लिही आणि त्यांच्या आधी थिएटरात आण. हिल गोरा, कोपोलाच्या बरोबरीने विद्यापीठात सिनेमा शिकलेला आणि कमी पैशांत काम उरकण्यात तरबेज. अठरा दिवसांत चित्रीकरण संपलं. खर्च साधारण पाच लाख डॉलर. मे १९७३मध्ये 'कॉफी' लागला, 'क्लिओपात्रा जोन्स' जुलैत. शर्यत जिंकली.

(त्याच मे महिन्यात आपल्याकडे 'जंजीर' लागला होता. तुमच्या मनात आत्ता ती तुलना आली, मला दिसतंय. मोह मलाही झाला होता. सोडून देऊ.)

पॅम ग्रियर याच कंपनीत आधी टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. जन्म १९४९, वडील हवाई दलात, त्यामुळे बालपण फिरतीचं, काही वर्षं इंग्लंडातही. जॅक हिलने तिला फिलिपीन्समध्ये चित्रित झालेल्या बायकांच्या तुरुंगपटांत घेतलं होतं. ते तुरुंगपट कसे होते हे या व्यासपीठावरून सांगणं बरं नव्हे. पण तिची आई नर्स होती, आणि कॉफी करताना तिने आईला डोळ्यांपुढे ठेवलं होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

इथे मी सुरुवातीचं दृश्य दाखवणार होतो. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी ते काल पाहिलं आणि मला नम्रपणे सांगितलं, की सभागृहात शाळेची मुलंही असतात. मग तोंडीच सांगतो, गाळून.

नाइट क्लब. गाणं चालू. एक माणूस शुगरमॅन नावाच्या, गर्दच्या पुड्या विकणाऱ्या दादाजवळ येतो आणि सांगतो, बाहेर गाडीत एक बाई आहे, पुडीसाठी काहीही करायला तयार आहे. गाडीच्या मागच्या सीटवर कॉफी. मान कलंडलेली, डोळे अर्धवट. तिघे घरी जातात. तो माणूस तिच्यासाठी सुई तयार करायला दुसऱ्या खोलीत जातो. इकडे दिवा मालवला जातो आणि कॉफी नळी कापलेली बंदूक काढून शुगरमॅनचं डोकं उडवते. सिनेमा सुरू होऊन जेमतेम पाच-सात मिनिटं झालेली असतात. दुसरा माणूस धावत येतो. त्याला ती आपल्या धाकट्या बहिणीचं नाव सांगते. लुबेल. वय अकरा. गर्दने तिचं आयुष्य संपवलं आहे. मग ती बंदूक रोखून त्याला तीच सुई स्वतःला टोचून घ्यायला लावते. डोस जास्त आहे हे त्याला माहीत आहे. घेतली तर कदाचित वाचशील, नाही घेतलीस तर नक्की मरशील, असा तो हिशेब.

हा सिनेमा मी माझ्या आत्याबरोबर पाहिला. तिला त्यात काय आहे याची कल्पना नव्हती, आणि मलाही पुरती नव्हती. आत्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात छत्तीस वर्षं स्टाफ नर्स होती. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आलं तेव्हा तिने ती पोरं वॉर्डात पाहिली होती. कॉफीच्या त्या पहिल्या दृश्याची दहा मिनिटं मी रिमोट मुठीत आवळून बसलो होतो. आत्या ढिम्म. दृश्य संपल्यावर म्हणाली, "तिने टोचली नाही बघ. त्यालाच टोचायला लावली. नर्स आहे ती."

मी सिनेमावर बरंच वाचलं होतं. हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

पुढचं दृश्य ऑपरेशन थिएटरचं. तीच बाई, हिरवे कपडे, तोंडावर मास्क, सर्जनच्या शेजारी उभी. रात्री दोन माणसं मारून ही ड्यूटीवर आली आहे. तिचं लक्ष थाऱ्यावर नाही, ते सर्जनच्या ध्यानात येतं आणि तिला मोकळं करतात. आत्या चिडली. "रजा टाकायची होती ना!" मग जरा वेळाने आपणच म्हणाली, "पण रजा तरी काय कारण देऊन टाकणार."

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कॉफी पोट भरते ते नर्सिंगवर. त्या काळातले या लाटेतले बाकीचे नायक आठवा. शाफ्ट खाजगी गुप्तहेर, 'सुपर फ्लाय'मधला प्रीस्ट कोकेन विकणारा. क्लिओपात्रा जोन्स तर सरकारी हेर, फर आणि पगड्या घालून भारी गाडीतून फिरणारी. त्यांना घड्याळ नाही. कॉफीला शिफ्ट आहे. तिकीट काढून आलेल्या बायकांमध्ये किती जणी स्वतः कुणाचे तरी बेडपॅन उचलून, कुणाच्या तरी मुलांना आंघोळी घालून, कुणाची तरी ऑफिसं पुसून आलेल्या असतील! त्यांच्यासाठी ती पहिली बंदूक जेवढी मोठी होती, तेवढीच ती दुसऱ्या दिवशीची ड्यूटीही. या सिनेमाच्या मोहाचं मूळ मला तिथे दिसतं. बंदुका सगळ्यांकडे होत्या.

आता कथेची चढण बघू. कार्टर हा कॉफीचा जुना मित्र, पोलिसात, सरळ माणूस. दोघे लुबेलला पाहायला पुनर्वसन केंद्रात जातात. पोर पलंगावर पडलेली. परतताना विषय निघतो. आदल्या रात्री कॉफीने काय केलं याची कार्टरला कल्पना नाही. एका पुडीवाल्याला मारून काय होणार, असं तो तिला समजावतो. तो साखळीतली एक कडी. साखळी मागे मागे कुठल्या तरी दूरदेशच्या गरीब शेतकऱ्यापर्यंत जाते. मग त्या सगळ्यांनाच मारणार का? कॉफीचं उत्तर थोडक्यात असं : का नाही? दुसऱ्या कशाने तरी काही होतंय का?

ही अगदी साधी वाक्यं आहेत, पण पुढचा तासभर सिनेमा त्यांच्यावरच चालतो. लाच नाकारली म्हणून बुरखेधारी गुंड कार्टरच्याच घरात घुसून दांडक्यांनी त्याचं डोकं फोडतात. तो मरत नाही. मेंदू कामातून जातो. म्हणजे कॉफीच्या पदरात आणखी एक पेशंट. आणि ती वरच्या पायरीकडे निघते. पुडीवाल्याच्या वर दलाल किंग जॉर्ज. किंग जॉर्जच्या वर माफियाचा विट्रोनी. विट्रोनीला सांभाळणारे पोलीस. आणि पोलिसांना, माफियाला, सगळ्यांना ज्याचा उपयोग आहे असा एक नगरसेवक, हॉवर्ड ब्रन्सविक. काळा, देखणा, बोलका, अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीला उभा. कॉफीचा प्रियकर.

आपल्यापैकी ज्यांनी कधी सरकारी कचेरीत एखादा अर्ज पुढे सरकवायचा प्रयत्न केला आहे, त्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. या टेबलावरून त्या टेबलावर. प्रत्येक टेबल म्हणतं, माझ्या हातात काही नाही, वरती भेटा. कॉफी बंदूक घेऊन वरती भेटत जाते आणि वरच्या टेबलाशी बसलेला माणूस तिच्याच घरातला निघतो. सुडाच्या गोष्टींत शत्रूचा पत्ता साधारण पहिल्या रिळातच मिळतो. उरलेला सिनेमा तिथवर पोचण्याचा. इथे पत्ता शेवटपर्यंत बदलत राहतो. १९७३चा अमेरिकन प्रेक्षक हे अनुभवाने जाणत होता. १९७१च्या जूनमध्ये निक्सनने अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं होतं. व्हिएतनाममधून सैनिक हेरॉइनची सवय घेऊन परतत होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांत हप्तेबाजी किती खोलवर मुरली आहे हे नॅप आयोगाने नुकतंच चव्हाट्यावर आणलं होतं. तक्रार करायची तर कुणाकडे, हा त्या मोहल्ल्यांतला रोजचा प्रश्न होता.

किंग जॉर्जबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सिनेमातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग त्याचा आहे. पिवळाधमक पोशाख, खांद्यावर झूल, हातात काठी, आणि तो चालत आला की रॉय एअर्स या व्हायब्राफोनवादकाने खास त्याच्यासाठी केलेलं गाणं वाजू लागतं. थिएटरात हशा पिकावा असाच हा प्राणी. कॉफी जमैकाची बाई असल्याचं सोंग करून त्याच्या टोळीत शिरते, तिथून विट्रोनीच्या खोलीपर्यंत पोचते आणि त्याला मारायच्या बेतात असताना पकडली जाते. तुला कुणी पाठवलं, असं विचारल्यावर ती थाप मारते : किंग जॉर्जने. विट्रोनीची माणसं जाऊन किंग जॉर्जच्या गळ्यात दोर अडकवतात, दुसरं टोक मोटारीला बांधतात आणि त्याला रस्त्याने फरपटत नेतात.

या दृश्यात विनोदी कपडे तेच असतात, पण हसू थांबतं. गोऱ्या माणसांनी काळ्या माणसाच्या गळ्यात दोर टाकणं म्हणजे काय, हे दक्षिणेतून शहरांत आलेल्या कुटुंबांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि त्याला तिथवर नेलं कुणी? आपल्या नायिकेच्या एका थापेने. दिग्दर्शकाने यावर तिला रडवलेलं नाही की पश्चात्ताप करायला लावलेलं नाही. स्वस्तातल्या सिनेमाला वेळ नसतो म्हणून असेल. पण त्यामुळे तो प्रश्न पडद्यावरून उतरून आपल्या मांडीवर येऊन बसतो. जॅक हिलला हे कळत होतं का, यावर माझं आणि माझ्या मित्रांचं भांडण आहे. माझं मत : कळत होतं. जो माणूस नायिकेचं आडनाव शवपेटी ठेवतो त्याला पुष्कळ काही कळत असतं.

आता केसांबद्दल. हे दृश्य प्रसिद्ध आहे, पण त्याचा अर्थ जरा घाईने लावला जातो. विट्रोनीच्या नजरेत भरण्यासाठी पार्टीत इतर मुलींशी भांडण काढायचं कॉफीने आधीच ठरवलेलं असतं. म्हणून ती आपल्या अॅफ्रोमध्ये, त्या मोठ्या गोल कुरळ्या केशसंभारात, दाढीची पाती लपवून जाते. मारामारी जुंपते, खाण्याचं टेबल उलटंपालटं होतं, एक मुलगी सवयीने तिचे केस धरते आणि किंचाळून हात मागे घेते. तळव्यातून रक्त.

बायकांच्या भांडणात झिंज्या धरतात, हा जगभरचा विनोद. जॅक हिलने त्यातच पाती लपवली. पण त्या काळी अॅफ्रो म्हणजे निव्वळ फॅशन नव्हती. केस गरम कंगव्याने, रसायनांनी सरळ करायचे, म्हणजे गोऱ्यांच्या जगात नोकरी टिकते, हे काळ्या बायकांना पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं होतं. अँजेला डेव्हिसचं छायाचित्र पोलिसांच्या 'हवी आहे' अशा पत्रकावरून घराघरांच्या भिंतींवर गेलं ते त्याच केसांसह. वर्गात, दुकानात, बसमध्ये अनोळखी गोऱ्या लोकांनी न विचारता हात घालून "कसे लागतात बघू" म्हटलेले ते केस. त्यांना हात लावणाऱ्याचा हात कापतो, यावर थिएटरात शिट्ट्या पडल्या नसत्या तरच नवल. अमेरिकेतला काळा प्रेक्षक पडद्याशी मोठ्याने बोलतो. ही सवय चर्चमधून आलेली. पास्टरने एक वाक्य म्हणायचं आणि लोकांनी त्याला दाद द्यायची. तमाशाच्या बारीला बसलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

टीकाकारांकडे वळतो, कारण त्यांचं पुष्कळसं खरं होतं. दिग्दर्शक गोरा, कंपनी गोऱ्यांची, नफा त्यांचा. पॅम ग्रियरचे कपडे कथेला गरज असेल त्याहून दुपटीने फाटतात. काळ्या मोहल्ल्यांत दलाल आणि पुडीवाले यांखेरीज शिक्षक, टपालखात्यातले कारकून, पाद्री राहतात हे या सिनेमांना माहीतच नाही, हा ग्रिफिन आणि त्यांच्या साथीदारांचा आक्षेप रास्त होता. मी यावर सारवासारव करणार नाही. 'कॉफी'त जिथे जिथे कॅमेरा तिच्याकडे गिऱ्हाइकासारखा बघतो, तिथे तिथे सिनेमा मला लंगडा वाटतो. मात्र त्याच लाटेत पहिल्यांदा काळ्या तंत्रज्ञांना, स्टंट करणाऱ्यांना सलग कामं मिळाली. त्याआधी काळ्या नटाच्या जागी उडी मारायला गोऱ्या माणसाला काळं फासून उभं करत. १९६७मध्ये काळ्या स्टंटमननी आपली संघटना बांधली ती याच कारणाने. बॉब मायनर हा त्यांच्यातला नामांकित गडी 'कॉफी'त छोट्या भूमिकेतही दिसतो. पोटाचा प्रश्न पडद्यामागेही होताच.

इथे आपल्या मातीतला एक धागा खरोखरच जुळतो, म्हणून सांगतो. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हार्लेम, ओकलंड हे शब्द कामाठीपुऱ्याच्या आसपास बोलले जात होते. पण तिकडून इकडे आली ती कविता, जाहीरनामे, वृत्तपत्रांतली छायाचित्रं. न्यूटनने अंक काढून गौरवलेला सिनेमा इथे कुणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि 'कॉफी'चं तर नावच नको. त्यामुळे आपल्याकडे तिकडच्या चळवळीचा आवाज आला, तिचा सवंग, भडक, तिकीट काढून पाहायचा भाऊबंद आलाच नाही. ते बरं झालं की वाईट, यावर सभेनंतर चहा घेताना भांडू.

शेवटाकडे येऊ. विट्रोनीच्या घरी सगळे जमतात. माफिया, पोलीस आणि हॉवर्ड. समोर पकडलेली कॉफी. ही तुझी कोण, असं हॉवर्डला विचारलं जातं. तो नातं नाकारतो. माझ्या लेखी सिनेमातली खरी गोळी ती. पुढे तिला गर्दचा जास्त डोस टोचून मारायचं ठरतं. सुई टोचली जाते, पण किंग जॉर्जच्या मालाच्या जागी कॉफीने आधीच साखर भरून ठेवलेली असते. ती नशेचं सोंग करते. टोचणारे पुरुष असतात आणि डोसाबद्दल त्यांच्याहून जास्त कळतं ते पेशंटला. आत्या इथे प्रथमच मोठ्याने हसली. मग केसांतला घासून टोकदार केलेला आकडा, विट्रोनीच्या ओमार नावाच्या गुंडाची मान, विट्रोनीचा बंगला, आणि पहाटे समुद्रकाठचं हॉवर्डचं घर.

हॉवर्ड बोलायला लागतो, आणि चांगलं बोलतो. सत्ता मिळवायची तर या लोकांशी हातमिळवणी करावीच लागते. आपली माणसं दुःखी आहेत तोवर गर्द घेणारच, मग तो पैसा गोऱ्यांच्याच खिशात का जावा? आपल्या हातात आला तर आपल्याच माणसांचं काही भलं करता येईल. कॉफीची बंदूक खाली येऊ लागते. हे माझ्या फार आवडीचं आहे. एवढ्या खुनांनंतरही तिला समजूत घालून घ्यायची इच्छा आहे, कुणीतरी पटेल असं काही सांगावं अशी तिची आशा आहे. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक गोरी बाई बाहेर येते, अंगावर कपडा नाही. बंदूक वर येते आणि ती जिथे झाडते ती जागा मी सांगत नाही. कार्यकर्ते माझ्याकडे बघतायत.

हा शेवट सवंग आहे, असं पुष्कळांनी म्हटलंय. राजकारण बाजूला पडलं आणि मत्सर उरला, असा आक्षेप. मला तो पटत नाही. हॉवर्डचं भाषण तिने लोकांसाठी ऐकून घेतलं होतं. त्या बाईला पाहून तिला कळलं, की हे भाषण तो कुणालाही ऐकवू शकतो.

लाट १९७५-७६च्या सुमारास ओसरली. 'गॉडफादर', 'एक्झॉर्सिस्ट' पाहायला काळा प्रेक्षकही येतोच, मग त्याच्यासाठी वेगळे सिनेमे कशाला, असा हिशेब स्टुडिओंनी केला. 'कॉफी'चा दुसरा भाग व्हायचा होता. कंपनीला ऐनवेळी तो नको झाला, म्हणून नाव बदलून तो 'फॉक्सी ब्राउन' झाला, आणि नर्सचं काम गेलं. फॉक्सी ब्राउन पोट कशावर भरते हे सिनेमा सांगत नाही, आणि तो 'कॉफी'हून पातळ आहे. १९७५च्या ऑगस्टमध्ये पॅम ग्रियर स्त्रीवादी मासिक 'मिझ'च्या मुखपृष्ठावर आली. १९८१च्या 'फोर्ट अपाची, द ब्रॉन्क्स'मध्ये तिला मिळाली ती गर्दच्या आहारी गेलेल्या, माणसं मारत सुटलेल्या वेश्येची भूमिका. म्हणजे लुबेल मोठी झाली तर जे होईल ते. १९८८मध्ये कॅन्सर, डॉक्टरांनी दीड वर्षाची मुदत दिलेली; त्यातून ती वाचली. १९९७मध्ये टॅरँटिनोने तिच्यासाठी 'जॅकी ब्राउन' केला. चाळिशी उलटलेली, तुटपुंज्या पगाराची हवाई सुंदरी. सुरुवातीला ती विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर उभी आहे, कामावर निघाली आहे, आणि पुढे त्या सिनेमात रॉय एअर्सचे 'कॉफी'मधलेच सूर वाजतात. टॅरँटिनोबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण तिला पुन्हा ड्यूटीवर त्याने पाठवलं, हे कबूल.

'कॉफी'चं शेवटचं दृश्य राहिलं. हॉवर्डच्या घरातून ती बाहेर पडते. उजाडलेलं असतं. वाळू, लाटा, आणि कॉफी एकटी किनाऱ्याने चालत दूर जाते. मागून पोलीस येत नाहीत, लुबेल बरी झाल्याची बातमी येत नाही, कार्टर शुद्धीवर येत नाही. गाणं वाजतं आणि नावं येऊ लागतात.

मी दिवा लावला. आत्या अजून पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "आज हिची मॉर्निंग आहे का रे?"